दर एप्रिलमध्ये काचपेटीतली कीटकभक्षी रोपं काळी पडतात: तिसऱ्या वर्षी सापडलेलं कारण

लक्षण आधी सांगते. ते जुळलं तरच पुढचं तुमच्या कामाचं.

काचेच्या भांड्यात मॉस भरून दवबिंदू (ड्रोसेरा), व्हीनस फ्लायट्रॅप, छोटी घटपर्णी अशी किडे धरणारी रोपं लावली. पहिले काही महिने सगळं छान. दवबिंदूच्या केसांवर चिकट थेंब, पानांना लाली, आल्यागेल्याला दाखवावं असं. मग कधीतरी थेंब कमी व्हायला लागतात. पानांची टोकं तपकिरी होतात. जुनी पानं वाळली तर समजू शकतं, पण इथे मधून नवं पान उलगडतं तेच टोकाला जळकं असतं. महिन्याभरात रोप काळं. तुम्ही नवं रोप आणता, त्याच मॉसमध्ये लावता, आणि ते दोन आठवडेही काढत नाही. दुसरं रोप पहिल्यापेक्षा लवकर जातं, ही खूण लक्षात ठेवा. रोग सहसा असा वागत नाही. मॉसमध्येच काहीतरी साचलेलं असतं.

मी पुण्यात, सिंहगड रोडला फ्लॅटमध्ये राहते. माझ्याकडे हे तीन वर्षं झालं आणि तिन्ही वेळा एप्रिलमध्ये. पहिल्या वर्षी म्हटलं, ऊन. भांडं खिडकीतून उचलून आतल्या खोलीत नेलं. दुसऱ्या वर्षी मॉसवर पांढरी कापसासारखी बुरशी दिसली होती, म्हणून तिच्या डोक्यावर खापर फोडलं. दालचिनीची पूड टाकली, बुरशीनाशक फवारलं. बुरशी गेली, पाठोपाठ रोपंही गेली. तिसऱ्या वर्षी चांगले एलईडी दिवे लावले, टायमर लावला, ऑक्टोबरात सगळं मॉस बदललं. मार्चपर्यंत इतकं सुंदर चाललं होतं की मी कुंडीचे फोटो नातेवाइकांना पाठवत सुटले होते. आणि एप्रिल आला.

त्या आठवड्यात आई दोनदा म्हणाली होती, "डाळ शिजत नाहीये गं. चार शिट्ट्या काढल्या तरी दाणा तसाच." मी म्हटलं डाळ जुनी असेल. दुसऱ्या दिवशी कचरा टाकायला खाली गेले तर टँकरचा पाइप टाकीत सोडलेला.

"काका, आज परत टँकर?"

"ताई, मार्चपासून चाललंय की. एक दिवस टँकर, एक दिवस बोअर. कॉर्पोरेशनचं पाणी पुरतंय कुठं?"

डाळ जड पाण्यात लवकर शिजत नाही हे आपल्याकडे कोणत्याही स्वयंपाकघरात माहीत असतं. मलाही माहीत होतं. पण मी रोपांना नळाचं पाणी घालतच नव्हते ना! मी घालत होते आरओचं. आरओ म्हणजे शुद्ध, या भरवशावर तीन वर्षं काढली.

त्याच संध्याकाळी टीडीएस मीटर मागवला. पेनाएवढं यंत्र असतं, दोन-अडीचशे रुपयांत मिळतं, पाण्यात बुडवलं की विरघळलेल्या क्षारांचा आकडा दाखवतं. आकडा पीपीएममध्ये, म्हणजे एका लिटरात किती मिलिग्रॅम क्षार असा धरायचा. मीटर आला तेव्हा स्वयंपाकघराच्या ओट्यावर चार वाट्या मांडल्या. टँकरच्या दिवशीचं नळाचं पाणी: ६४०. तेच पाणी आरओमधून आलेलं: १९०. फ्रिजमधून काढलेल्या बर्फाचं पाणी, जो बर्फ फेब्रुवारीत आरओच्याच पाण्याचा लावला होता: ३१. चौथ्या वाटीत भांड्यातलं मूठभर मॉस पिळून काढलेलं चहासारखं पाणी: ११२०.

मी मीटर पुसून पुन्हा बुडवला. ११२०.

कीटकभक्षी रोपांसाठी ५० पीपीएमच्या आतलं पाणी चांगलं समजतात. चिवट जाती थोडे दिवस १०० पर्यंत सोसतात. म्हणजे माझी रोपं जवळजवळ खारवलेली होती.

आता आरओचं पाणी फेब्रुवारीत ३१ आणि एप्रिलमध्ये १९० कसं? घरगुती आरओच्या बऱ्याच यंत्रांत टीडीएस कंट्रोलर नावाचा एक छोटा व्हॉल्व्ह असतो. पाणी अगदीच बेचव लागू नये म्हणून तो आरओच्या क्षार अडवणाऱ्या पडद्यातून न गेलेलं थोडं पाणी गाळलेल्या पाण्यात मिसळतो. आमच्याकडे सर्व्हिसिंगला आलेल्या मुलानं "चव चांगली येईल काकू" म्हणत तो स्क्रू फिरवून ठेवला होता. नळाला कॉर्पोरेशनचं पाणी असतं तेव्हा या मिसळण्यानं काही बिघडत नाही, कारण मूळ पाण्यातच क्षार कमी. बोअरचं पाणी आलं की मिसळलेला वाटाही बोअरचाच असतो. माणसाला त्या १९० नं काहीही होत नाही, आईची तर चवीबद्दल तक्रारही नव्हती. दवबिंदूला होतं.

आणि मग हिशेब केला. ऑक्टोबर ते मार्चचा पहिला पंधरवडा, साधारण २२ आठवडे, आठवड्याला अर्धा लिटर पाणी, ३० पीपीएमचं: ३३० मिलिग्रॅम क्षार. त्यानंतर उन्हाळा लागला, पाणी उडायला लागलं, मी आठवड्याला एक लिटर घालायला लागले, १९० पीपीएमचं: सहा आठवड्यांत ११४० मिलिग्रॅम. पाच महिन्यांत जेवढे साचले त्याच्या तिपटीहून जास्त क्षार दीड महिन्यात. एकूण दीड ग्रॅमच्या आसपास, आणि माझ्या भांड्यातलं ओलं मॉस धरून ठेवतं सव्वा लिटर पाणी. भागाकार करा, मीटरच्या आकड्याच्या जवळपासच उत्तर येतं.

भांड्याला खाली भोक नाही. पाणी वाफ होऊन जातं, क्षार कुठेच जात नाहीत. ते तिथेच बसतात, दर आठवड्याला थोडे आणखी येऊन बसतात.

या झाडांना एवढ्याशा क्षारांचं वावडं का, हे कळायला पावसाळ्यात कास पठारावर गेलेल्यांनी जरा आठवून बघावं. ऑगस्ट-सप्टेंबरात सड्यावर, म्हणजे पठाराच्या उघड्या कातळावर, सीतेची आसवं निळीजांभळी पसरलेली असतात, खडकाच्या कडेला दवबिंदूची लाल बटणं. खाली जांभा दगड आणि त्यावर बोटभर माती, तीही जून ते सप्टेंबर सतत धुतली जाणारी. पाऊस पडतो, पाणी सड्यावरून वाहतं, मातीत जे काही असेल ते घेऊन जातं. नत्र आणि स्फुरद मुळांना मिळतच नाही, म्हणून तर ही झाडं किडे धरायला शिकली. दवबिंदू पानावर धरतो. सीतेची आसवं म्हणजे युट्रिक्युलारिया. ते ओल्या मातीत, मुळांसारख्या धाग्यांवरच्या टाचणीच्या टोकाएवढ्या फुग्यांत सूक्ष्म जीव ओढून घेतात. मुळांचं काम इथे मुख्यतः पाणी आणि आधार. त्या मुळांभोवती खारट पाणी ठेवलं की ती पाणी ओढू शकत नाहीत, आणि झाड भरल्या भांड्यात तहानतं. सर्वात आधी सुकतं ते पानाचं टोक आणि थेंब.

(कासवरून रोप उपटून आणायचा विचार कुणाच्या मनात आला असेल तर तो तिथेच सोडा. २०१२ पासून हे पठार पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात आहे, रोपं काढायला बंदी आहे, आणि आणलेलं रोप आठवडाभरात मरतं ते वेगळंच. नर्सरीत वाढवलेली रोपं आता सहज मिळतात.)

भोक नसलेलं भांडं ही कल्पना मुळात या झाडांसाठी नव्हतीच. १८२९ च्या सुमारास लंडनमध्ये नथॅनिएल वॉर्ड नावाच्या डॉक्टरनं पतंगाचा कोश ओल्या मातीत, बंद बाटलीत ठेवला होता. पतंगाचं काय झालं ते राहू दे, मातीतून एक फर्न उगवला आणि कोळशाच्या धुरात जे फर्न त्याच्याकडे मरत होते ते बाटलीत जगायला लागले. टेरॅरियमचा जन्म तिथला. फर्नला सावली चालते, मातीतली खनिजं चालतात, बंद हवा चालते. दलदलीतल्या दवबिंदूला यातलं फारसं काही नको असतं, आणि आपण मात्र भांडं तेच वापरतो, तळाला गोटे, वर कोळसा, वर मॉस असे थर रचतो. त्या थरांनी क्षार गाळले जात नाहीत. गोट्यांत साचलेलं पाणी दिसत नाही, एवढाच त्यांचा परिणाम. महिन्यानं तिथून कुजका वास येतो.

दुरुस्तीतली पहिली गोष्ट ही: काचेत थेट लावू नका. काचपेटीत कुंड्या ठेवा.

माझ्याकडे आता माशांची जुनी टाकी आहे, १८ इंच लांब, वरून उघडी. तिच्यात तीन-तीन इंची प्लॅस्टिकच्या कुंड्या, खाली भोकं असलेल्या. तळाला एक-दीड सेंटिमीटर पाणी. कुंड्या खालून पाणी ओढतात. दिसायला ते इंटरनेटवरच्या फोटोंसारखं जंगल दिसत नाही हे मान्य. कुंड्यांच्या मधे सुकं मॉस कोंबलं की बरंच झाकलं जातं. फायदा असा की एक रोप बिघडलं तर ते उचलून बाहेर काढता येतं, आणि दर महिन्याला प्रत्येक कुंडी मोरीत नेऊन वरून चांगलं अर्धा लिटर पाणी सोडता येतं. भोकातून जे बाहेर येतं त्यात क्षार निघून जातात. सड्यावर पाऊस जे करतो तेच. धुतल्यावर शेवटचं गळणारं पाणी वाटीत धरून मीटर लावायचा. ६०-७० च्या खाली आलं की थांबायचं.

कुंडीत काय भरायचं हे थोडक्यात: लांब धाग्याचं स्फॅग्नम मॉस, किंवा पीट मॉस (दलदलीतलं कुजलेलं मॉस) आणि परलाइट (पांढरे हलके खडे) निम्मे निम्मे. पिशवीवर खत घातल्याचं लिहिलं असेल तर परत द्या. पांढरी जाड वाळू चालते, पण आधी तिच्यावर थोडं व्हिनेगर टाकून पाहा. फसफसली तर त्यात शिंपल्यांचा चुना आहे. कोकोपीटबद्दल वाद आहेत. नारळाच्या सोडणात क्षार असतातच, त्यामुळे ते बादलीत भिजवून, पिळून, पाणी बदलून चार-पाच वेळा धुवावं लागतं. इतकं करून मी एकदा मोजलं तर २४० आलं. तेव्हापासून मी त्या वाटेला जात नाही. नर्सरीतले दादा "थोडं गांडूळखत टाका, जोमात येईल" म्हणतील. ते गुलाबाच्या अनुभवावरून बोलत असतात, त्यांच्यावर रागावू नका, फक्त टाकू नका.

आता पाणी. खरं काम इथेच आहे.

पावसाचं पाणी सर्वात उत्तम आणि फुकट. जूनच्या पहिल्या दोन-तीन सरी सोडून द्या, हवेतली धूळ त्यात असते. नंतर गच्चीत मोकळ्या आकाशाखाली स्वच्छ टब मांडायचा. पत्र्यावरून किंवा स्लॅबवरून आलेलं नको, सिमेंटमधला चुना उतरतो. माझ्या टबातलं ९ ते १२ पीपीएम भरतं. किती साठवायचं याचा हिशेब सोपा आहे. माझ्या टाकीला आठवड्याला सरासरी दीड लिटर लागतं. ऑक्टोबर ते मे ३५ आठवडे धरले तर साडेबावन्न लिटर. वीस-वीस लिटरचे तीन कॅन भरून, झाकण घट्ट लावून, पलंगाखाली अंधारात ठेवते. अंधारात शेवाळ धरत नाही आणि डासांनाही जागा मिळत नाही.

ते संपलं तर बॅटरीच्या दुकानातलं डिस्टिल्ड वॉटर, पाच लिटरचा कॅन. दुकानदाराला "बॅटरीत टॉप-अप करायचं पाणी" असं स्पष्ट सांगा, अ‍ॅसिड नव्हे, आणि घरी आल्यावर मीटर लावा. ० ते ५ यायला हवं. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणीही क्षारांच्या दृष्टीनं चांगलं असतं, माझ्याकडे १६ आलं. पण ते कॉइलवरची धूळ घेऊन येतं आणि एसीची केमिकलनं सफाई झाली असेल तर दोन आठवडे त्याला हात लावायचा नाही. मी ते चिवट दवबिंदूंनाच देते.

जे उपयोगाचं नाही तेही सांगते, कारण हे सगळं मला कुणी ना कुणी सुचवलं आहे. पाणी उकळून गार केलं तर जंतू मरतात, थोडा चुना भांड्याला चिकटतो, बाकीचे क्षार तसेच राहतात आणि पाणी आटल्यामुळे उलट दाट होतात. रात्रभर उघडं ठेवल्यानं क्लोरीन उडतं, क्षार उडत नाहीत. माठातलं पाणी गार असतं, बास. तुरटी फिरवली तर गाळ बसतो, पण तुरटी स्वतःच एक क्षार आहे. बिसलेरीसारख्या बाटलीतल्या पाण्यातही खनिजं मुद्दाम घातलेली असू शकतात, म्हणून ते पाणीही मोजल्याशिवाय नको.

रोप आत्ता, या क्षणी काळं पडत असेल तर: भांड्यातून हलक्या हातानं काढा. मुळांभोवतीचं जुनं मॉस डिस्टिल्ड पाण्यात हलवत हलवत सोडवा. मुळं काळी दिसतील. घाबरू नका, फ्लायट्रॅपची आणि दवबिंदूची निरोगी मुळंही काळीच असतात. मी पहिल्या वर्षी ती सडली समजून कात्रीनं कापली होती, त्याची हळहळ अजून आहे. बघायचं ते खोड. फ्लायट्रॅपचा पांढरा कांद्यासारखा भाग दाबून घट्ट लागला तर रोप जिवंत आहे. मऊ, तपकिरी लागला तर गेलं. नव्या ओल्या मॉसमध्ये लावून वरून पारदर्शक डबा पालथा घाला, आठवडाभर थेट उन्हापासून लांब ठेवा, मग रोज थोडा थोडा वेळ डबा उचला. नवं पान टोकापर्यंत हिरवं निघालं की जमलं. त्याला तीन-चार आठवडे लागतात. जुनी जळकी पानं परत हिरवी होत नाहीत, त्यांच्याकडे पाहून निर्णय घेऊ नका.

आणि दवबिंदूचं एक बरं पान असेल तर ते देठासकट खुडून, झाकण असलेल्या छोट्या डबीत डिस्टिल्ड पाण्यावर तरंगत ठेवा, उजेडात. कॅपेन्सिस, स्पॅट्युलाटा, अडेली या जातींत काही आठवड्यांत पानावरच टाचणीच्या डोक्याएवढी पिल्लं फुटतात. मूळ रोप वाचलं नाही तरी वंश राहतो. माझ्याकडचे आत्ताचे सगळे स्पॅट्युलाटा अशा एका डबीतून आलेले आहेत.

मीटरचा आकडा ठीक आला, तरी रोप बिघडतंय? मग कारण दुसरं.

एका दिवसात, दुपारी घरी येईपर्यंत सगळं रोप उकडल्यासारखं पारदर्शक आणि लोळागोळा झालं असेल तर ते ऊन आहे. बंद काचेचं भांडं उन्हात ठेवणं म्हणजे कुकर ठेवणं. मी एकदा रिकाम्या बरणीत थर्मामीटर टाकून सकाळी दहाच्या उन्हात खिडकीत ठेवला. खोलीत ३१ अंश होतं, वीस मिनिटांत बरणीत ४६. झाकण असलेली पेटी थेट उन्हात कधीच नको. पहिल्या वर्षीची माझी ऊन-शंका अगदीच खोटी नव्हती, फक्त मूळ कारण ती नव्हती.

उलट पानं हिरवीगार, लांब, लुळी आहेत, थेंब नाहीत, लाली नाही, पण जळकंही काही नाही, तर उजेड कमी पडतोय. हॉलच्या कोपऱ्यात किंवा टीव्हीच्या शेजारी हमखास हेच होतं. माझ्याकडे ६५०० केल्विनच्या, म्हणजे पांढऱ्या उजेडाच्या, दोन साध्या २० वॉटच्या एलईडी ट्यूब आहेत, रोपांपासून आठ इंचांवर, रोज १२ तास. जांभळे ग्रो लाइट घेतले नाहीत तरी चालतं. बदल केल्यावर जुन्या पानात लाली शोधू नका, नव्या पानांत दोन-तीन आठवड्यांनी दिसेल.

कुरिअरनं आलेलं रोप पहिल्या आठवड्यात थेंब टाकून देतं. त्याला काही करू नका. खरंच काही करू नका.

मधली नवी पानं वेडीवाकडी, गुंडाळलेली निघत असतील तर भिंग घेऊन बघा, मावा किंवा पिठ्या ढेकूण असेल. किडे खाणाऱ्या झाडाला कीड लागते याचं शेजारच्या काकूंना इतकं हसू आलं की त्या दोन दिवस सगळ्यांना सांगत होत्या. साबणाचं पाणी, कडुनिंबाचं तेल दवबिंदूच्या केसांना सोसत नाही. पूर्ण कुंडीच पावसाच्या पाण्यात बुडवून दीड-दोन दिवस ठेवा, मावा गुदमरतो. थेंब धुतले जातात, नंतर परत येतात. पिठ्या ढेकूण चिवट, त्याला दहा दिवसांनी पुन्हा बुडवावं लागतं.

मॉसवरची पांढरी बुरशी बहुतेकदा कोंडलेल्या हवेची आणि जास्तीच्या खाऊची असते. झाकण दोन बोटं सरकवून ठेवा. खाऊ म्हणजे पनीरचा तुकडा, भाताचं शीत, अंड्याचा बलक, असलं काही नाही. घरात पाहुण्यांची मुलं आली की हा धोका खरा असतो. दवबिंदूला महिन्यातून एक-दोनदा माशांच्या सुक्या खाद्याची चिमूटभर पूड, तीही पानावर, मॉसवर नाही. अजिबात नाही दिली तरी झाड मरत नाही, सावकाश वाढतं एवढंच.

फ्लायट्रॅपबद्दल मला वेगळं आणि थोडं कडू बोलायचं आहे. नवख्या माणसाला सर्वात आधी विकलं जातं ते हेच झाड, आणि काचपेटीत न टिकणारंही हेच. ते मूळचं अमेरिकेतल्या नॉर्थ आणि साउथ कॅरोलायनाच्या किनारपट्टीचं, विल्मिंग्टन शहराच्या आसपासच्या ओल्या माळांवरचं. तिथे उन्हाळ्यात कडक ऊन आणि हिवाळ्यात गोठवणारी थंडी. हिवाळ्यात ते तीन-चार महिने झोपतं. दिव्याखाली, बारा महिने सारख्या गरम पेटीत ठेवलं तर झोप मिळत नाही, आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी ते बारीक होत होत संपतं. पाणी कितीही शुद्ध घाला. मी माझं बाल्कनीत हलवलं आहे, उघड्या कुंडीत, बशीत पाणी घालून, सकाळचं पूर्ण ऊन लागेल असं. डिसेंबर-जानेवारीत पुण्यात रात्री १०-१२ अंशांपर्यंत उतरतं, दिवसही लहान असतो, तेवढ्यावर त्याचं अर्धंमुर्धं भागतं. मुंबईत किंवा गोव्यात तेवढंही जमत नाही, तिथे पेटीसाठी दवबिंदूच घ्यावा. सापळे बोटानं मिटवून दाखवायची सवयही सोडा. आतल्या केसांना वीसेक सेकंदांत दोनदा स्पर्श झाला की तो मिटतो, आणि आत काही नसेल तर ती सगळी मेहनत फुकट जाते. तीन-चारदा मिटून-उघडून सापळा आपोआप काळा पडतो. तो काळेपणा रोग नाही.

दुसरी एक फसगत ड्रोसेरा बर्मानीची. आपल्या सड्यांवर दिसणाऱ्या दवबिंदूंपैकी हा एक, फार गोड दिसतो, फार भराभर वाढतो, फुलतो आणि मरतो. तो वर्षायू आहे. माझा पहिला बर्मानी गेला तेव्हा मी पाणी, दिवा, मॉस, सगळं तपासलं होतं. तपासायचं होतं ते वाळलेलं फुलाचं देठ. त्यात मिरपुडीपेक्षा बारीक काळं बी असतं. ते कागदावर झटकून ओल्या पीटवर पेरायचं, वर माती घालायची नाही, त्याला उजेड लागतो. आता माझ्या पेटीत न पेरलेल्या कुंड्यांतूनही बर्मानी उगवतात.

यंदा टँकर मार्चच्या तिसऱ्या आठवड्यातच सुरू झाला. वॉचमन काका आता मला खालूनच ओरडून सांगतात, "ताई, आज बोअर!" एप्रिलच्या शेवटी प्रत्येक कुंडी धुऊन शेवटचं पाणी मोजलं: ३८, ४१, ५५, आणि घटपर्णीचं ७२, ती मॉस बदलायला झालीच आहे. आईची डाळ आता पावसाच्या पाण्यात शिजते, कॅनमधलं लिटरभर ती हळूच काढून घेते, मला पातळीवरून कळतं.

एक गोष्ट मात्र सुटलेली नाही. पीटवर दिव्याखाली हिरवं शेवाळ येतंच, अगदी १० पीपीएमच्या पाण्यावरही. छोट्या रोपांना ते झाकून टाकतं. मी दर रविवारी जुन्या चमच्यानं वरचा थर खरवडून काढते आणि मूठभर नवं पीट पसरते.